बेचाळीसवरचा घोडा

चिमट्याच्या टोकावर तिळाएवढा स्क्रू धरून ती श्वास रोखून बसली होती, आणि नेमका तेव्हाच समोरच्या काचेवर धप्पकन एक फोन येऊन पडला. स्क्रू उडाला. कुठे गेला, देव जाणे.

"काका!"

"हा फोन बिघडलाय," चावीवाले काका म्हणाले. "मेल येत नाहीत."

"हळू ठेवला असता तरी बिघडलेलाच राहिला असता ना?"

"तू आधी बघ, मग बोल. चिमटाबाई म्हणतात तुला गल्लीत, उगाच नाही म्हणत."

हातात सतत चिमटा, म्हणून ती चिमटाबाई. तिचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? आणि काकांचं दुकान बरोबर समोर, गल्ली ओलांडली की दहा पावलांवर. दुकान कसलं, भिंतीतलं कपाटच ते! आत एक स्टूल, चाव्या कापायचं मशीन आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या चाव्या. कुणी दार ओढून घेऊन चावी आत विसरलं की रडवेला चेहरा करून काकांकडेच यायचं, आणि काका आधी दहा मिनिटं बोलणी ऐकवणार, मग दोन मिनिटांत कुलूप उघडणार. हे ठरलेलंच.

पण आज काका बोलणी ऐकवत नव्हते. स्टूल ओढून गप बसले होते, आणि हे चिमटाबाईला काही बरं वाटलं नाही.

बाकावर कंडक्टर बाई होत्या. ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत फोनची बॅटरी बदलून घ्यायला आल्या होत्या, आणि उडालेला स्क्रू त्यांच्याच फोनचा होता. त्यांनी वाकून बाकाखाली बघितलं, स्क्रू उचलून काचेवर ठेवला.

"घ्या. आणि आधी त्यांचं बघा. माझी गाडी सुटायला अर्धा तास आहे."

चिमटाबाईने काकांचा फोन उचलला. "कधीपासून येत नाहीत मेल?"

"अकरा आठवडे."

"अकरा आठवडे! आणि तुम्ही आज येताय?"

"वाट बघत होतो."

"फोन आपोआप बरा होईल म्हणून?"

काकांनी टोपी डोळ्यांवर ओढली. चिमटाबाईने जीभ चावली. मग तिने नेहमीचं सगळं करून बघितलं. रेंज होती. इंटरनेट चालू होतं. जागा भरपूर. फोन बंद करून परत चालू केला. शेवटी तिने स्वतःच्या फोनवरून काकांना एक मेल टाकला, त्यात नुसतं 'काका' लिहिलं. तीन सेकंदांत काकांचा फोन टिंग वाजला.

"आला! काही झालेलं नाही फोनला. बघा, मेल व्यवस्थित येतायत."

ती अगदी खुशीत म्हणाली हे, आणि मग तिने वर बघितलं. माणसाला एखादी चांगली बातमी द्यावी आणि त्याचा चेहरा असा उतरावा! काकांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिची घडी घालायला लागले.

"म्हणजे त्यानेच पाठवला नाही," ते म्हणाले.

"कुणी?"

"धाकट्याने."

मग ते थोडंथोडं सांगायला लागले, तुकड्यातुकड्यात. धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. दोन समुद्र ओलांडून पलीकडे एकटाच राहतो, चाळीस वर्षं झाली. कानांनी कधीच साथ सोडली, त्यामुळे फोनवर बोलायची सोय नाही. मोबाईल घ्यायला तयार नाही. घरात जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर रोज सकाळी मेल बघतो. आणि मेलवर दोघं भाऊ बुद्धिबळ खेळतात. एका मेलमध्ये एक चाल, बाकी अक्षर नाही. लहानपणी पत्र्याच्या पेटीच्या झाकणावर खिळ्याने पट कोरला होता आणि घरांना एक ते चौसष्ट आकडे दिले होते, तेच आकडे अजून.

"म्हणजे 'कसा आहेस, बरा आहेस' असंही नाही?" कंडक्टर बाईंनी विचारलं.

"चाल आली की समजायचं, बरा आहे."

"आणि नाही आली तर?"

"तर तो विचार करतोय असं समजायचं. घाई करायची नाही, आठवण करायची नाही. नियम आहे." काका जरा थांबले. "माझाच नियम. लहानपणी सारखा डोकं खायचा माझं, चल ना दादा, चल ना दादा. म्हटलं, एकदा जरी 'चल ना' म्हणालास तर डाव बंद. तेव्हापासून एका शब्दाने विचारत नाही."

"मग करत असतील विचार," चिमटाबाई म्हणाली. "अकरा आठवडे म्हणजे जरा जास्तच, पण..."

"विचार करण्यासारखं काही ठेवलंच नाही मी!" काकांचा आवाज एकदम चढला. "घोडा सत्तावीसवरून बेचाळीसवर नेला. मेल पाठवला, घरी जाऊन पटावर मांडून बघतो तर वजीर उघडा. सरळ उंटाच्या तोंडात. शेंबड्या पोराला दिसेल. आयुष्यात माझा वजीर असा फुकट मिळाला नाही त्याला. दोन मिनिटांत उत्तर आलं असतं, घरभर नाचला असता तो. आणि अकरा आठवडे..."

कंडक्टर बाई पायांकडे बघायला लागल्या. धाकटा सत्तरीचा. एकटा. आता सगळ्यांच्याच मनात तेच आलं होतं आणि कुणालाच ते तोंडावर आणायचं नव्हतं.

चिमटाबाईला काहीतरी करायला हवं होतं, नुसतं बसवत नव्हतं. ती म्हणाली, "थांबा काका. मला उत्तर पाठवा. मी आत्ता मेल टाकला ना, त्यालाच. काहीही लिहा."

काकांनी एका बोटाने 'बोल' असं लिहिलं, बाणावर बोट दाबलं. फोनने सुर्रकन आवाज केला.

"गेला," काका म्हणाले.

चिमटाबाई स्वतःच्या फोनकडे बघत राहिली. तीन सेकंद. दहा सेकंद. कंडक्टर बाईही मान लांब करून बघायला लागल्या. अर्धं मिनिट झालं. टिंग नाही की काही नाही.

"गेला नाही काका."

"आवाज झाला की!"

"आवाज तर बोट दाबलं की होतो." तिने घाईघाईने त्यांच्या फोनमध्ये डाव्या बाजूची यादी उघडली. आलेले, पाठवलेले, आणि खाली कोपऱ्यात, जिथे कुणीच कधी बघत नाही तिथे, आउटबॉक्स. समोर आकडा दोन. पहिला मेल, 'बोल'. दुसरा, अकरा आठवड्यांपूर्वीचा. 'घोडा बेचाळीसवर.'

"काका, तुमचा घोडा इथेच आहे!"

"कुठे?"

"इथे. फोनमध्येच. बाहेर पडलाच नाही तो!"

काका उभेच राहिले. काचेवर वाकून त्यांनी त्या तीन इंची ओळीकडे बघितलं. जसं काही तिच्यात पाय रोवून घोडा खरंच उभा होता.

"म्हणजे त्याला मिळालीच नाही चाल?"

"नाही ना! त्यांची काही चूकच नाही. ते बसलेत वाट बघत. त्यांना वाटत असेल दादा विचार करतोय!"

काका परत खाली बसले. दोन्ही हातांनी त्यांनी गुडघे चोळले, उगाचच, बराच वेळ. कंडक्टर बाईंनी आपली पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली आणि न पिताच हातात धरून ठेवली.

इकडे चिमटाबाई सेटिंग उघडून बसली होती, आणि एका पानावर आल्यावर तिचे कान गरम झाले. बाहेर जाणाऱ्या मेलचा पासवर्ड वेगळा भरावा लागतो या फोनमध्ये. तिथे जुनाच पासवर्ड होता. तिने ड्रॉवरमधून दुरुस्तीची वही काढली, पानं उलटली. अकरा आठवड्यांपूर्वीची तारीख. 'चावीवाले काका, पासवर्ड बदलला.' पुढे बरोबरची खूण. तिच्याच हातची, चांगली ठसठशीत.

आठवलं तिला. त्या दिवशी दुकानात ही गर्दी होती. तिने नवा पासवर्ड टाकला, एक मेल येतोय का बघितलं, आला, आणि "झालं काका, पळा" म्हणून फोन हातात दिला. जातोय का ते बघितलंच नाही.

तिला वाटलं, गुपचूप नीट करून टाकावं. कुणाला कळणार होतं?

"काका," ती म्हणाली, "ही माझी चूक आहे."

"काय?"

"मी पासवर्ड बदलला होता ना तुमचा. आत येणाऱ्या मेलसाठी टाकला. बाहेर जाणाऱ्यासाठी टाकायचा राहिला. माझ्यामुळे अडकला घोडा."

कंडक्टर बाईंनी श्वास आत ओढला. चिमटाबाई बोलणी ऐकायला तयार होऊन बसली, दहा मिनिटांची. काकांनी तिच्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं.

"म्हणजे पुढच्या दाराला नवं कुलूप लावलंस," ते म्हणाले, "आणि मागच्या दाराला जुनंच?"

"हो."

"हं. मी पण केलंय हे एकदा. एका डॉक्टरच्या घरी. बिचारा परसात अडकून पडला." ते बाटलीतलं पाणी प्यायले. "उघड आता."

काकांना विचारून तिने नवा पासवर्ड टाकला. एकदा चुकला, परत टाकला. मग 'पाठवा'वर बोट नेलं आणि थांबली.

"काका, एक सांगू? हा अजून गेलेला नाही ना? मग बदला की! वजीर वाचवा. घोडा दुसरीकडे न्या. त्यांना कुठे माहितीय तुम्ही बेचाळीसवर ठेवला होता ते!"

"बरोबर आहे की," कंडक्टर बाई म्हणाल्या. "तिकीट फाडलंच नाही अजून."

काकांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं. अकरा आठवडे त्यांनी त्या पटाकडे बघितलं होतं, चांगल्या चाली दहा सापडल्या असतील त्यांना. मग त्यांनी मान हलवली.

"हात सुटला की चाल झाली."

"अहो पण..."

"हाही माझाच नियम. तो आठ वर्षांचा होता. हत्ती पुढे ठेवला, हात सोडला आणि लगेच दिसलं त्याला, हत्ती जातोय. परत घेऊ दे म्हणून रडला, दादा एकदाच, एकदाच म्हणत. नाही घेऊ दिला मी. हात सुटला की सुटला म्हटलं. रात्री जेवला नाही." काकांनी टोपीची घडी उलगडली. "आता मी कसा परत घेऊ? जाऊ दे घोडा."

त्यांनी स्वतःच बोट दाबलं. सुर्रकन आवाज झाला. लगेच चिमटाबाईचा फोन टिंग वाजला, 'बोल' आला. आणि आउटबॉक्समध्ये काहीच उरलं नाही.

"गेला. खरंच गेला."

आता कुणालाच काही काम सुचेना. तिकडे सकाळ असेल, काका म्हणाले. या वेळी कॉम्प्युटरपाशी असतो. असायचा. चिमटाबाईने कंडक्टर बाईंची बॅटरी बसवली, स्क्रू आवळला, काच पुसली. फोन तयार होऊन पाच मिनिटं झाली तरी कंडक्टर बाई उठेनात.

"तुमची गाडी?"

"थांबेल. माझ्याशिवाय घंटी कोण देणार?"

काका काचेवरच्या फोनकडे बघत नव्हते. समोर, आपल्या दुकानाकडे बघत होते. तिथे एक माणूस चावी घेऊन उभा होता, इकडेतिकडे बघत होता. काकांनी त्याला हातानेच थांब म्हटलं.

टिंग.

तिघांनीही ऐकलं आणि कुणीच हललं नाही.

"तू वाच," काका म्हणाले. "माझा चष्मा..." चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

चिमटाबाईने वाचलं. "दादा, वजीर जातोय तुझा. दिसला नाही का? परत घे. मी बघितलं नाही असं समजतो." ती थांबली. "खाली अजून एक ओळ आहे. 'नियम मोडतोय, पण बरा आहेस ना? फार दिवस लावलेस.'"

कंडक्टर बाई एकदम उठल्या, "चला, चला, उशीर झाला," म्हणत डोळे पुसत निघाल्या, आणि पैसे द्यायला परत आल्या.

काकांनी फोन जवळ ओढला. एका बोटाने लिहायला लागले. एक अक्षर, मग थांबायचं, मग पुढचं. चिमटाबाईला वाटलं, दोनच गोष्टी होऊ शकतात, घोडा परत घेतील नाहीतर 'खा वजीर' म्हणतील. ती न बघण्याचं नाटक करत चिमटा पुसत बसली. पण काकांना जोडाक्षर सापडेना, म्हणून त्यांनीच फोन तिच्यापुढे धरला.

"हत्ती कसं लिहायचं?"

तिने लिहून दिलं. आणि मग दिसलंच तिला.

'आधी तू घे. त्या दिवशीचा तुझा हत्ती.'

काकांनी बाण दाबला. "गेलं?"

तिने आउटबॉक्स उघडून दाखवला. रिकामा होता.

"गेलं."

काका उठले, टोपी घातली. "पुढच्या वेळी दोन्ही दारं बघ," म्हणाले आणि गल्ली ओलांडून गेले. त्या थांबलेल्या माणसाला मोठ्याने बोलणी ऐकवायला लागले, चावी अशी खिशात नाण्यांबरोबर ठेवतात का म्हणून. मशीन घरघरलं.

चिमटाबाई वहीत तारखेपुढे नवी नोंद लिहीत होती, तेवढ्यात काचेवर टिंग वाजलं. काका फोन इथेच विसरले होते.

तिने तो न वाचताच उलटा करून धरला, स्क्रीन हाताच्या तळव्यावर, आणि दुकान उघडं टाकून, दुसऱ्या हातात चिमटा तसाच, पलीकडे पळत सुटली.