दहा मोजेपर्यंत

देवमनच्या चॅनेलचं नाव ‘देवमन लाइव्ह’, आणि त्यात देवमनशिवाय दुसरं कुणी नव्हतं. बातमी हुडकणारा तोच, मोटारसायकल हाकणारा तोच, कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारणारा तोच, आणि संध्याकाळी अमरावतीच्या खोलीत बसून व्हिडिओची कापाकापी करणाराही तोच. तुंबलेली नाली, शाळेचं गळकं छत, सरपंचाचा सत्कार, सगळं एकहाती. धंद्यातली एक युक्ती मात्र त्याने स्वतः शोधली होती आणि तिचा त्याला भारी गर्व. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला, की दुसरा प्रश्न विचारायचा नाही. माइक पुढे धरायचा आणि मनात दहापर्यंत मोजायचं. माणसाला गप्प राहणं सोसत नाही. दहाच्या आत तो असं काही बोलून जातो, जे विचारून कधी बोलला नसता.

पार्बताबाईवर ही युक्ती पाचातच चालली. चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यात विजेची तार तुटून तिची म्हैस जागेवर मेली होती. मायबापाविना वाढवलेली नात आचल अमरावतीला नोकरीला, म्हणजे घरात म्हातारी आणि म्हैस एवढीच. तिने सगळं नीट सांगितलं. तार चैतापासून लोंबत होती, तीनदा अर्ज दिला होता, पदराच्या गाठीतल्या पोचपावत्याही तिने सोडून दाखवल्या. मग ती थांबली. देवमन मोजू लागला. पाचाला म्हातारीने छाती बडवली.

“माही चंद्री गेली वो माय! आता मी कोनासंग बोलू?”

संध्याकाळच्या कापाकापीत तार गेली, अर्ज गेले, पावत्या गेल्या. उरली चंद्री. आठवडाभरात कुण्या डीजेवाल्याने तो हंबरडा उचलून त्याला ताल लावला, आणि अमरावतीपासून अकोल्यापर्यंत प्रत्येक वरात चंद्रीवर नाचू लागली. म्हातारीचा चेहरा मात्र फक्त देवमनच्या व्हिडिओत होता. तो नऊ लाख लोकांनी पाहिला. गावातली पोरं तर तिला सोडतच नव्हती. ती बाजारात मेथीची जुडी घ्यायला वाकली, की मागून आरोळी यायची, “आजी, चंद्री कुठी गेली वो?”

दोन महिन्यांनी तिने देवमनला बोलावून घेतलं. आचलचं लग्न अकोल्याला जमलं होतं.

“बापू, गान्यातली म्हातारी मीच हाओ, हे सोयऱ्यायले मालूम नाई. तो विडिओ काढून टाक. पोरीच्या लग्नात माहा तमाशा नोको होऊ देऊ. बाकी काईच नाई मांगत तुले.”

“तुमच्या गळ्याची आन, आजी,” म्हणत देवमनने तिच्यादेखत बोट दाबलं. व्हिडिओ दिसेनासा झाला. म्हातारीने त्याच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

“लय उपकार झाले, बाप्पा. तू लग्नाले येजो. नक्की येजो.”

चांदूर बाजारच्या फाट्यावर चहा पिता पिता देवमनने लपवलेला व्हिडिओ पुन्हा चालू केला. नऊ लाखांवर पाणी सोडायला तो काही साधुसंत नव्हता. वर मथळाही बदलला: ‘हीच ती चंद्रीवाली आजी’. इतका हलकट माणूस, पण चहा त्याला गोड लागला.

लग्नाला तो गेला. पाहुणा म्हणून गेला, पण गळ्यात कॅमेरा होताच. अकोल्याच्या मंगल कार्यालयासमोर वरात आली, चंद्रीचं गाणं जोरात सुरू झालं, आणि नवरदेवाच्या एका दोस्ताने हातातल्या मोबाइलवरच्या व्हिडिओकडे पाहिलं, मग फाटकात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या पार्बताबाईकडे.

“अबे, हेच ते आजी हाय!”

गाणं बंद झालं. दोस्ताने डीजेवाल्याचा माइक तिच्या तोंडापुढे धरला.

“म्हना आजी एकडाव! त्याबिगर नवरदेव घोड्यावरून उतरत नाई!”

नवरदेवही हसत होता. वरच्या खिडकीतून आचल ओरडली, “म्हनून टाक ना वो आजी! मुहूर्त चालला!”

पार्बताबाईने गर्दीत देवमनला शोधलं. त्याने एक शब्द टाकला असता, ही ती नव्हे म्हटलं असतं, तरी पोरं हटली असती. पण त्याच्या डोळ्याला कॅमेरा लागला होता. एक, दोन, तीन. तो मोजत होता.

सहाला ती बोलली. ताट हातात तसंच धरून, न रडता, शाळेतल्या पोरीने कविता म्हणावी तसं. “माही चंद्री गेली वो माय. आता मी कोनासंग बोलू?”

वरात खिदळली. शिट्ट्या झाल्या. म्हातारी दोन पावलं देवमनकडे आली आणि हळूच म्हणाली, “आला ना रे आवाज?”

देवमनने कॅमेऱ्यावरच्या आपल्या माइककडे पाहिलं. बटण चालू करायचं राहूनच गेलं होतं. त्याने ते दाबलं.

“नाई आला, आजी,” तो म्हणाला. “आखीन एक खेप.”