शांत मूल

टोपणाच्या आतल्या कडेला औषधाचा गुलाबी थेंब वाळून चिकटला होता आणि निधी पर्समध्ये हात घालून, कोणाला दिसू नये अशा बेतानं, तो अंगठ्याच्या नखानं खरवडत होती. 'ते सर्दीचं औषध हाय वो, झोपेचं नाही. आपल्या सोयीसाठी पोराले झोपवू नको,' सासूबाई म्हणाल्या होत्या. मागच्या खेपेला डोंगरगडला जाताना भार्गवनं रडून अख्खा डबा डोक्यावर घेतला होता, तेव्हा 'पुढच्या खेपेला देऊन टाकीन त्याला ते सर्दीचं' असं ती सहज बोलून गेली होती, त्यावर. निधी हसली होती. बी.एस्सी. झालेल्या बाईला बाटलीवरची बारीक अक्षरं वाचता येतात, आई! … आणि आज पहाटे, गोंदियाहून गाडीला निघायच्या आधी, स्वयंपाकघरात दिवा न लावता तिनं अर्धं टोपण त्याच्या ओठाला लावलं होतं. अर्धंच. भरून नाही.

आता ऊन डोक्यावर आलं होतं आणि दीड वर्षाचा भार्गव तिच्या छातीवरच्या झोळीत, पहाटेच्या गारठ्यात घातलेल्या स्वेटरसकट, अजून झोपलेला होता.

पराग दोन पावलं पुढं चालत होता — पाठीवर सॅक, हातात फोन. हॉटेल नाही, गाडी नाही, डबा घरचा, एका दिवसात शेजारच्या राज्याची अख्खी राजधानी पाहून रात्री घरी. असल्या प्रवासाची त्याला लग्नाआधीपासून हौस. गोल बाजारातल्या भांड्यांच्या गल्लीत तो थांबला, आणि तेवढ्यात दुकानदाराच्या हातून मोठ्या पातेल्याएवढा पितळी गंज निसटला, फरशीवर आदळला आणि गरगरत, ठणाणत गटाराच्या काठाशी जाऊन पडला. गल्ली दचकली. समोरच्या बाईच्या कडेवरचं पोर किंचाळलं. निधीनं खाली पाहिलं — भार्गवची पापणीसुद्धा हलली नव्हती.

"अरे वाह दीदी, बड़ा सीधा बच्चा है!" दुकानदार गंज उचलत म्हणाला. "हमारा वाला तो अभी तक दुकान सिर पे उठा लेता."

"हव, सफरीचा पोट्टा आहे आमचा," पराग म्हणाला. "बापावर गेला."

निधीही हसली. आपण हसलो हे तिला मागाहून कळलं. … शांत आहे हो तुमचं बाळ — ही तारीफ ऐकायला ती गेलं दीड वर्ष आसुसली होती. रडणाऱ्या पोराची आई कशी सगळ्यांच्या नजरेत वाढत जाते, मोठी मोठी होत जाते, आणि शांत मुलाची आई कशी कोणाला दिसतच नाही… तेवढंच तर हवं होतं. एक दिवस कोणाला न दिसता एक शहर बघायचं.

पण शहर कुठं दिसत होतं? पुरानी बस्तीपर्यंत चालत जाताना जुनी दारं, देवळांचे कळस, पराग दाखवील ते सगळं तिच्या डोळ्यांवरून घसरत गेलं. दुधानं छाती दगडासारखी झाली होती, ब्लाउज ओला झाला होता. गाडीत एकदा तिनं त्याला पाजायला घेतलं होतं. दोन घोट, आणि ओठ सैल. झोपेत आहे, तिनं स्वतःला सांगितलं होतं. झोपेतच तर आहे… बाटलीवरचं ते बारीक अक्षर काय होतं? दोन वर्षांखालील — त्यापुढं काय लिहिलं होतं? वाचलं होतं ना? की वाचता येतं एवढ्यावरच थांबलो आपण?

देवळाबाहेर फुलं विकणारी म्हातारी मघापासून बघत होती. "नोनी, लइका कब के सुते हे?"

कधीपासून झोपलंय. साधा प्रश्न. निधीनं झोळी सोडली, पायरीवर बसून भार्गवचे तळवे चोळले, पाण्याचा हात त्याच्या तोंडावरून फिरवला. मान तिच्या दंडावरून मागं कलंडली.

"पराग, हा उठत नाही."

"झोपू दे ना. काहून जागवून राहिली उगीच? मले माहीतच होतं, आज त्रास नाही देणार."

"कसं माहीत होतं?"

तो ओशाळवाणा हसला. "स्टेशनवर तू पोट्टा अन् पर्स माझ्यापाशी देऊन तिकिटाच्या लाइनीत होती ना… तेव्हा दिलं जरासं. ते सर्दीवालं. तुले विचारलं असतं तर तू लेक्चर दिलं असतं, अन् आईनं तर घर डोक्यावर घेतलं असतं."

"किती?"

"टोपणभर."

देवळातली घंटा कोणीतरी वाजवली.

"मी पण," निधी म्हणाली. "घरी."

"मजाक करून राहिली का?" असं विचारताना परागचा आवाज निम्म्यात विरला. तो तिच्याकडं पाहत राहिला — आणि तिला दिसलं, की लग्नानंतर इतकं नेमकं सारखं आपण दोघांनी काहीच केलं नव्हतं. तोच विचार, तीच चोरी, एकमेकांची तीच भीती.

मग ऑटो. "दवाखाना, भैया, जो नजदीक हो," पराग ओरडला, आणि तात्यापाऱ्याच्या चौकात सगळं अडलं — हातगाड्या, स्कूटर, हॉर्न. ड्रायव्हर म्हणाला, "दीदी, उड़ा के तो नहीं ले जा सकता." पराग भार्गवच्या गालावर टिचक्या मारत होता, नाव घेत होता, नाव घेता घेता रडत होता. भार्गवचं एक बोट वळलं. वळलं? की ऑटोनं हिसका दिला? चालू इंजिनावर सगळंच थरथरत होतं — बाक, गुडघे, झोळीची किनार, त्याचं पोट…

किती बघत आलेय मी सकाळपासून. इतकं बघितलंय की आता मला दिसेनासं झालंय. परागकडं बघावं तर तो माझा चेहरा वाचतोय, मी त्याचा. आम्हा दोघांच्या डोळ्यांवर आता विश्वास ठेवायचा नाही. तुम्ही आमचे कोणी नाही, तुम्हाला आमच्यापासून काही लपवायचं नाही — थोडं वाकून बघा ना. इथं, स्वेटरच्या दुसऱ्या बटणाशी. ऑटोचं थरथरणं सोडा… हा हलतोय का?