खारीचे मागचे पाय

सव्वीस जुलैच्या पुरात माझा भाऊ महेंद्र याचं मांजर्लीतलं तळमजल्याचं घर छातीपर्यंत बुडालं. महेंद्रनं कागदपत्रांची पिशवी डोक्यावर धरली, वहिनीनं गॅसचं पुस्तक आणि मंगळसूत्र सांभाळलं, आणि अस्मितानं, म्हणजे माझ्या भाचीनं, झाकणाच्या बादलीत दोन गिनीपिग घालून बाहेर काढले. त्यावरून बापलेकीत पाण्यातच भांडण झालं म्हणे. तिसऱ्या दिवशी ती त्या बादलीसकट विठ्ठलवाडीला माझ्या खोलीवर आली. आईबाप चिखल काढायला मांजर्लीतच थांबले. हिचं अकरावी सायन्सचं कॉलेज उल्हासनगरात, म्हणून घर वाळेपर्यंत ही माझ्याकडे राहणार असं ठरलं.

मी तेव्हा एकटी होते. एसटीच्या डेपोत नोकरी, आणि चाळीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मला स्वच्छतेची फार खोड. अस्मितानं ते दोन जीव बादलीतून एका खोक्यात काढून ठेवले, ते बघून माझ्या अंगावर काटाच आला. एक बिस्किटाच्या रंगाची, तिचं नाव खारी. दुसरीच्या पाठीवर काळे डाग, ती ठिपकी.

"ही काय खातात गं?"

"गवत, कोथिंबीर, पालकाचे देठ. मिळेल ते हिरवं."

पहिल्याच दिवशी पालक खाऊन त्यांनी खोक्यात जी घाण केली, ती बघून मी फर्मान काढलं. माझ्या घरात ओला पाला आणायचा नाही. आधीच पुराच्या पाण्यावरची भाजी, तिच्यात काय काय असेल. पाव, भात, चपातीचे तुकडे, आणि दुकानातलं कोरडं खाद्य, एवढंच द्यायचं. अस्मितानं उरलेला पालक उचलून बाहेर टाकला. परक्या घरात राहणाऱ्या मुलीला जेवढं गप्प बसावं लागतं, तेवढी ती बसली.

तीन आठवडे गेले. एका सकाळी मी आंघोळ करून आले तर पोरगी खोक्यापुढे मांडी घालून बसलेली. खारी पुढच्या दोन पायांवर अंग ओढत होती. मागचे पाय नुसते फरफटत होते, जणू तिचे नाहीतच. अस्मितानं तिला उचललं तर ती किंचाळली. एवढुशा जिवातून एवढा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं.

"काल संध्याकाळपर्यंत चालत होती," ती म्हणाली. "पडली नाही, कुणी मारलं नाही."

दुपारपर्यंत बातमी गॅलरीभर झाली. त्या दिवसांत सगळीकडे लेप्टोची भीती होती. पुराच्या पाण्यातून, उंदरांच्या मुतातून माणसं मरतात हे सगळ्यांनी ऐकलं होतं. शेजारच्या बनूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वृंदा, तुझ्या घरात उंदीर लुळा पडलाय म्हणे. इथं लहान पोरं आहेत. रविवारपर्यंत ते खोकं नाल्याकडे गेलं पाहिजे."

"उंदीर नाही तो," अस्मिता आतून म्हणाली.

"मग काय वाघ आहे?"

खरं सांगते, मला बनूबाईंचं पटलं होतं. मी अस्मिताला म्हणाले, "बाळा, सोडून दे. जीव सुटेल बिचारीचा."

ती माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "आधी काय झालंय ते कळू दे. मग काय करायचं ते बघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. बाहेर दोन म्हशी आणि एक बकरी बांधलेली. डॉक्टरांनी खारीला उलटं केलं, पायाला चिमटा काढला आणि हात झटकले.

"पॅरालिसिस. इंजेक्शन देऊन टाकतो, त्रास संपेल."

"कशानं झालाय?"

"कशानं का होईना. हे जनावर इथं कोण आणतं?"

"मी आणलंय," अस्मिता म्हणाली. "कारण सांगा, मग इंजेक्शनचं बोलू."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे मोठ्या माणसानं आता पोरीला समजवावं. मी काही बोलायच्या आत तिनं खारीला ओढणीत गुंडाळलं आणि ती बाहेर पडली. मला तिच्यामागे पळावं लागलं.

तिथून ती थेट उल्हासनगरच्या बाजारात, जिथून तिनं हे गिनीपिग घेतले होते त्या सिंधी दुकानदाराकडे गेली. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बेटा, ये छोड़ जा इधर. नया माल आया है, इसके बदले दूसरा ले जा." पिंजऱ्यात खरंच खारीसारखीच एक होती. चपळ, गुबगुबीत.

"अंकल, मेरेको दूसरा नहीं चाहिए. ये चाहिए, चलती हुई."

घरी आलो तर ठिपकीही लंगडत होती.

मला वाटलं, आता पोरगी रडेल. पण ती उलट ताठ झाली. "दोघी उगीच एकाच वेळी पडणार नाहीत," ती म्हणाली. "मार लागला असता तर एकीला लागला असता. रोग म्हणावा तर दोघींना ताप नाही. दोघी एकच गोष्ट खातात." मग ती दप्तरातून जीवशास्त्राचं पुस्तक काढून पानं उलटू लागली. पुराच्या पाण्यानं पुस्तक फुगलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली. एक पान सुटलं, दुसरं फाटलं. जीवनसत्त्वांच्या धड्यापाशी ती थांबली.

"आत्या, खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. महिनोन्महिने ताजं काही मिळायचं नाही. हिरड्या सुजायच्या, सांधे दुखून चालता यायचं नाही. क जीवनसत्त्व संपलं की होतं." तिनं खारीचा गुडघा हलकेच दाबला. सुजलेला होता. "सर वर्गात म्हणाले होते, बहुतेक जनावरं हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. माणूस नाही बनवत. गिनीपिगही नाही." मग तिनं मान वर न करता विचारलं, "आपण हिरवं बंद केलं त्याला किती दिवस झाले?"

आपण, म्हणाली. बंद तर मी केलं होतं.

मी पदर खोचला आणि स्टेशनबाहेर गेले. वांगणीकडची भिकी नावाची बाई तिथं भाजी घेऊन बसते. तिच्याकडून कोथिंबीर, ढोबळी मिरची, पेरू घेतले. "कोनासाठी गं एवढा?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "घरात दोन आजारी आहेत." औषधवाल्याकडून क जीवनसत्त्वाच्या, माणसांनी चघळायच्या नारंगी गोळ्या आणल्या. गोळीचा आठवा भाग पाण्यात विरघळवून अस्मितानं ड्रॉपरनं एकेकीच्या तोंडात सोडला. खारीनं मान फिरवली. अस्मितानं पुन्हा धरली. खारीनं तिला चावलं. तिनं सोडलं नाही. असं सकाळ-संध्याकाळ.

रविवारी बनूबाई आणखी चार बायकांना घेऊन आल्या. "सांगितलं होतं ना?"

अस्मिता उठत होती, मी तिला हातानं खाली बसवलं. दारात मी उभी राहिले.

"हा लागणारा रोग नाही. मी त्यांना भाजी देऊ दिली नाही, म्हणून त्यांचे पाय गेले. चूक माझी आहे. माझ्या चुकीनं पडलेलं जनावर मी नाल्यात टाकणार नाही."

"आमच्या पोरांना काही झालं तर?"

"तर माझ्या दारात या. पण खोक्याला हात लावायचा नाही. खोली माझी आहे, भाडं मी भरते."

मला माझाच आवाज अनोळखी वाटला. एवढ्या वर्षांत त्या चाळीत मी कुणाला उलटून बोलले नव्हते. बायका बडबडत गेल्या.

पाचव्या दिवशी ठिपकी चारही पायांवर उभी राहिली आणि पेरूच्या फोडीकडे धावली. खारीला वेळ लागला. आधी मागचे पाय नुसते थरथरायचे. दहाव्या-बाराव्या दिवशी तिनं अंग उचललं, दोन पावलं टाकली आणि कलंडली. अस्मितानं तिला सरळ केलं नाही. "उठेल," म्हणाली. खारी खरंच उठली. तिचा उजवा पाय मात्र बाहेर वळलेलाच राहिला, तो कधीच सरळ झाला नाही.

अस्मिता तिला घेऊन पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेली. मी म्हणत होते, कशाला. तिनं टेबलावर खारीला सोडलं. खारी लंगडत टेबलाच्या कडेपर्यंत गेली.

"बरं झालं ना? जा मग," डॉक्टर म्हणाले.

"क जीवनसत्त्व कमी पडलं होतं. पुढं कुणी असं आणलं तर आधी काय खातं ते विचारा, सर. लिहून घ्या." आणि ती तिथंच उभी राहिली. बाहेर म्हैस हंबरत होती. डॉक्टरांनी शेवटी खिशातलं पेन काढलं, एका कागदाच्या पाठीवर काहीतरी खरडलं. पुढं तो कागद त्यांनी फेकलाही असेल. पण लिहायला लावलं तिनं.

सप्टेंबरच्या शेवटी महेंद्र तिला न्यायला आला. खोकं बघून म्हणाला, "ताई, हे तरी इथं ठेव. घरात माणसांनाच जागा नाही."

"ती येत नसतील तर मीपण येत नाही, पप्पा," अस्मिता म्हणाली.

महेंद्रनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "खोकं तू उचल. आणि रोज हिरवं द्यायचं, मी विचारणार आहे."

त्यानं उचललं. जिना उतरेपर्यंत कुरकुरत होता.

बनूबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. नळावर भेटल्या की तोंड फिरवतात. फिरवू देत.