बसम्माला नाही म्हटलं त्या दिवशी

मित्रांनो, जिन्याखाली फुटक्या बादल्यांशेजारी गंजत पडलेलं जुनं स्ट्रेचर दिसतंय ना, ते मी. लातुरात डाळमिलच्या चाळण्या बनवणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. बिचाऱ्याने माणसाच्या मापाचं कधी काही केलं नव्हतं, म्हणून माझं अंग जरा लांबडंच झालं. व्यापाऱ्यांनी चालवलेल्या या धर्मादाय दवाखान्यात मी कितीतरी जणांना ऑपरेशनला नेलं आणि सुखरूप परत आणलं. लोक डॉक्टरांच्या पाया पडायचे. माझ्या कोण पडणार? पण दवाखान्यातली आया नागुबाई मला रोज मायेने पुसायची आणि मला तेवढं पुरे होतं.

लातूर नवा जिल्हा झाला आणि पुढे पावसाने दगा दिला. टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावायची. त्याच उन्हाळ्यात निलंग्याकडचा महादेवप्पा आपल्या बायकोला, बसम्माला, घेऊन आला. तिच्या पोटात गाठ होती. तिला माझ्यावर निजवलं, तेव्हा माझ्यावर कुणी आहे असंही वाटेना.

सर्जनसाहेबांनी तिला नीट तपासलं. आजार यकृतापर्यंत पसरला होता आणि अंगात रक्त उरलं नव्हतं. पोट उघडलं असतं तर बाई टेबलावरच गेली असती. अशा वेळी सर्जनने नाहीच म्हणावं, आणि साहेबांनीही नाही म्हटलं, त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पण "ऑपरेशन होणार नाही," एवढंच बोलून ते पुढच्या खाटेकडे निघून गेले.

"मावशी, साहेब का नगं म्हनले?" महादेवप्पाने नागुबाईला विचारलं.

"मला काय ठावं, बाबा? आत जाताना अंगावर काई ठेवू देत न्हाईत, तेवढं ठावं हाय."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. बसम्माच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. लहानपणी गुरूंनी बांधलेलं ते लिंग जीव असेतोवर अंगावेगळं करायचं नाही आणि ते गळ्यात नसताना पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, अशी त्यांची, लिंगायतांची, रीत. बाळंतपणातसुद्धा तिने ते काढलं नव्हतं.

"काढा," बसम्मा म्हणाली. "मला मरायचं न्हाई."

महादेवप्पाने दोऱ्याची गाठ सोडली. लिंग त्याने उपरण्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि दोघं तिथेच व्हरांड्यात माझ्यापाशी साहेबांची वाट बघत बसले. व्हरांडा तव्यासारखा तापला. नागुबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर बसम्माने मान फिरवली. आजारी माणसाला तहान कसली, असं नागुबाईला वाटलं. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठे होतं!

संध्याकाळी साहेब त्याच वाटेने निघाले. "अजून इथंच? मी सकाळीच सांगितलं ना?"

महादेवप्पाने उपरणं उघडलं. "साहेब, तिनं लिंग काढून ठिवलंय. ते गळ्यात नसलं की पानी चालत न्हाई आमाला. सकाळपासून तशीच हाय. आता तरी करा."

साहेब माझ्या कडेला टेकून बसले. मग त्यांनी हळूहळू सारं सांगितलं. सुरी लावली तर हाताशी असलेले दिवसही जातील, दुखणं मात्र औषधाने कमी करता येईल, आणि ते स्वतः रोज येतील. "लिंगामुळे नव्हतं हो, बाई. मी सकाळीच बसून सांगायला हवं होतं."

बसम्माने सगळं ऐकून घेतलं. "मंग बांधा," ती नवऱ्याला म्हणाली. साहेबांनी तिची मान उचलून धरली आणि महादेवप्पाने गाठ मारली. मगच ती पाणी प्याली. मरणाचं ऐकून न रडलेली बाई पाणी पिऊन मात्र रडायला लागली.

"उगंच काढलं की वो," एवढंच ती म्हणत राहिली.

साहेब शब्दाप्रमाणे रोज येत राहिले. आठवडाभरात बसम्मा गेली. तिला बाहेर मीच नेलं.

मित्रांनो, आज लातुरात गल्लोगल्ली डॉक्टर व्हायचा अभ्यास चालतो. तुम्ही डॉक्टर झालात की ऑपरेशन करता येत नाही, असं तुम्हालाही कुणाला तरी सांगावं लागेल. सांगा. पण त्याच्या शेजारी बसून सांगा, आणि त्याला काय कळलं हे विचारल्याशिवाय उठू नका.