माझं नाव आता दुसऱ्याचं आहे

मित्रांनो, मी एका दुकानाची वेबसाइट होते. ‘होते’ असं म्हणते, कारण मी अजून आहे, पण माझ्या नावाने आज वेगळंच कोणी वावरतं.

माझा जन्म तैवानमधल्या शिलो गावात झाला. तिथे ल्याओ युएग्वेइ नावाची विधवा बाई काळ्या सोयाबीनचा सॉस बनवते. तिच्या अंगणात माणसाच्या कमरेएवढे रांजण ओळीने उभे असतात. आत सोयाबीन, तोंडाशी मिठाचा जाड थर आणि वर सहा महिन्यांचं ऊन. तिची मुलगी पेइवन तेव्हा ताइचुंगला कॉलेजात होती. नववर्षाच्या सुट्टीत घरी येऊन तिने दुकानातल्या संगणकावर मला एकेक ओळ लिहून घडवलं.

युएग्वेइ हात पुसत मागे उभी राहायची आणि विचारायची, “हे दुकान नक्की आहे कुठे?”

“सर्व्हरवर. म्हणजे दूरच्या एका मोठ्या संगणकात आपण खोली भाड्याने घेतलीय.”

“स्वतःचं अंगण असताना भाड्याची खोली? तुझ्या बापाने ऐकलं असतं तर जेवला नसता!”

“आणि हे डोमेन. खोलीच्या दारावरची पाटी. जगात दुसऱ्या कोणालाही हेच नाव घेता येत नाही. ते तुझ्या नावावर नोंदवलंय, आई.”

 संध्याकाळी युएग्वेइने शेजारणीला ते तीनदा सांगितलं.

ती माझी चांगली वर्षं. पेइवनने माझ्यात एक पान ठेवलं होतं. त्यात ती आईला फोनवर विचारून रोज दोन ओळी लिहायची: आज ऊन कसं होतं, कोणता रांजण उघडला, वास कसा आला. लोक ते वाचायला यायचे आणि जाताना चार बाटल्या मागवायचे. च्याई शहरातले निवृत्त शिक्षक हुआंग गुरुजी तर पत्र लिहून शुद्धलेखनाच्या चुका कळवत. पेइवन त्या सुधारायची.

मग पेइवनला कॅनडात नोकरी लागली. दोन ओळींच्या जागी आठवड्याला एक ओळ आली, मग तीही थांबली. माझ्याकडे येणारी वर्दळ आटली. अशा वेळी काओ दुकानात आला. गुळगुळीत बोलणारा, स्वतःला ऑनलाइन मार्केटिंगचा जाणकार म्हणवणारा.

“मालकीणबाई, लोक शोधयंत्रात ‘सोया सॉस’ असं टाइप करतात. तुमचं नाव नवव्या पानावर येतं. दुसऱ्या पानाच्या पुढे कुत्रंसुद्धा जात नाही.”

“मग काय करायचं?”

“पासवर्ड द्या. बाकी माझ्यावर सोडा. तुम्ही कशाला डोकं शिणवता?”

तिने दिला. काओने सगळ्यात आधी उन्हाचं पान पुसलं, कारण ते शब्द कोणी शोधत नाही. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत त्याने ‘सर्वोत्तम सॉस’ हे शब्द शेकडो वेळा कोंबले. माणसाला ते दिसत नाहीत, शोधयंत्राला दिसतात. दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारी वाट म्हणजे लिंक. अशा वाटा त्याने घाऊक विकत आणल्या. आणि माझी पाटी त्याने गुपचूप स्वतःच्या नावावर करून घेतली.

दोन महिने मी पहिल्या पानावर होते. युएग्वेइने काओला राइस नूडल्स करून वाढल्या. पेइवनला मात्र एक दिवस ते पांढरे शब्द सापडले. तिने फोन केला.

“आई, हा माणूस लबाडी करतोय. शोधयंत्राला कळलं की आपल्याला हाकलून देतील.”

“तो इथे येऊन बसतो. तू येतेस?”

पेइवनने फोन ठेवला. त्या वर्षी पेइवनने पुन्हा फोन केला नाही.

शोधयंत्राला कळलं. शिक्षा मला झाली. नवव्या पानावर तर नाहीच, मी कुठेच सापडेनाशी झाले. काओने फोन उचलणं बंद केलं आणि पाटी ज्याने मागितली त्याला विकून टाकली. नव्या मालकांनी माझा जुना चेहरा जसाच्या तसा चढवला: तेच रांजण, हसणाऱ्या युएग्वेइचा तोच फोटो. आत मात्र सॉस नव्हता. कार्डाचा नंबर घेऊन खातं रिकामं करण्याचा सापळा होता.

एका दुपारी हुआंग गुरुजी बसने शिलोला आले. अंगणातूनच ओरडले, “तुमच्या चेहऱ्याकडे बघून नंबर दिला मी! बायकोच्या औषधांसाठी ठेवलेले पैसे गेले सगळे!”

“गुरुजी, ते दुकान माझं नाही हो.”

“मग फोटो कोणाचा आहे?”

 युएग्वेइने सॉसच्या दोन बाटल्या पुढे केल्या. त्यांनी हात लावला नाही. शेजारीपाजारी दारात उभे राहून बघत होते.

हे कळताच पेइवन पहिल्या विमानाने आली. पोलिसात गेली, नोंदणी कंपनीशी भांडली. पाटी ज्याच्या नावावर होती त्यानेच विकली, आमच्याकडे सगळं नियमात आहे, असं कंपनीचं उत्तर मिळालं.

“पासवर्ड देताना मला एकदा विचारायचंस, आई.”

“विचारलं असतं,” युएग्वेइ म्हणाली, “पण तुझ्याशी बोलायचं तर आधी तुझा फोन यायला लागतो.”

पेइवनने नवी वेबसाइट बनवायची तयारी दाखवली. युएग्वेइने नकारार्थी मान हलवली. आता ती ओळखीच्यांनाच सॉस देते, आणि ओळखीचेही कमी झालेत. हुआंग गुरुजी पुन्हा आले नाहीत.

मी पेइवनच्या डिस्कवर पडून आहे. तिने मला एकदाच उघडलं, फोटो पाहिला आणि बंद केलं.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, दुकानात माझ्यासारखी कोणी असेल, तर तिच्या सजावटीचं कौतुक नंतर करा. आधी विचारा, पाटी कोणाच्या नावावर आहे आणि किल्ली, म्हणजे पासवर्ड, कोणाच्या हातात आहे. तुमची आई हे विचारायला लाजत असेल, तर तिच्या वतीने तुम्ही विचारा. आणि माझा पत्ता कुठे लिहिलेला दिसला, तर कृपा करून मला हाक मारू नका. तिथे आता दुसरंच कोणी ओ देतं.