शिपाईबाईंची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझ्या चौकटीचा एक कोपरा निखळलाय आणि अंगभर ओरखडे आहेत. खाणीतून कापून, घासून मला दुकानात ठेवलं, तेव्हा वाटलं होतं, आपल्यावर काहीतरी कायमचं लिहिलं जाईल. पण पाटीवर काही टिकत नाही. या घरातल्या लेकीने माझ्यावर मुळाक्षरं गिरवली, पुसली, आणि वह्या आल्यावर मला कपाटामागे सरकवलं. बारा वर्षं मी तिथे भिंतीकडे तोंड करून तळमळत होते.

मग एका संध्याकाळी तिच्या आईने मला बाहेर काढलं. आई न्यायालयात शिपाई. दिवसभर दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची. एकेचाळिसाव्या वर्षी तिने लेकीबरोबर वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला होता. त्या परीक्षेत रांगेची कोडी असतात. सात माणसं, चार अटी. कोण कुठे उभं आहे ते ओळखायचं.

लेक सगळं डोक्यातच मांडायची. आईला ते जमेना. तिने माझ्यावर सात रेघा ओढल्या. माळी तिसरा, हे पक्कं. ते आधी लिहिलं. शिंपी आणि सुतार शेजारी, म्हणून दोघांना एका चौकटीत बसवलं. वैद्य न्हाव्याच्या आधी, एवढंच बाजूला बाण काढून ठेवलं.

"अगं आई, किती वेळ! वैद्य पहिला, न्हावी दुसरा. झालं!"

"लगेच आधी असं कुठे म्हटलंय? मी रोज पुकारते ना. याच्या आधी तो असतो, पण मधे चार खटले निघतात."

"परीक्षेला काय पाटी घेऊन बसणारेस?"

आईने मला खसाखसा पुसलं. उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा रेघा ओढायला बसली. असे कितीतरी रविवार गेले. माझा जीव नुसता वरखाली! एक कोडं सुटतंय तोवर ते पुसून दुसरं.

परीक्षेला मी गेले नाही. आईने तिथे कागदावर रेघा ओढल्या.

निकाल लागला. आईला प्रवेश मिळाला; लेकीचा तीन गुणांनी हुकला. आई हसलीसुद्धा नाही. प्रवेशाचं पत्र तिने गुपचूप माझ्याखाली सरकवलं. दोन दिवस दोघी एकमेकींची नजर चुकवत वावरल्या. मला तर दगडासारखं पडून राहणं असह्य झालं.

तिसऱ्या दिवशी लेकीने मला उचललं. पत्र दिसलं. तिने ते सगळं वाचलं.

"लपवतेस काय, आई? मला आनंद तर होऊ दे," ती म्हणाली, आणि रडू लागली. आईने तिला जवळ घेतलं. जरा वेळाने लेकीने डोळे पुसले आणि पेन्सिल आईच्या हातात दिली.

"ओढ रेघा. पुढच्या वर्षी मी पुन्हा बसणार. आणि माझं कुठे चुकतं ते सावकाश सांग."

मित्रांनो, पाटी पुसायलाच असते, माझी तक्रार नाही. पण पुसण्याआधी कुठे चुकलं ते एकदा नीट बघत जा. एवढंच मागणं आहे.