उन्नतीची भरलेली वही

अँजेलिना टीचरच्या हातात एक भलतीच कला होती. तिला एकोणीस मुलांच्या एकोणीस तऱ्हांनी लिहिता यायचं. कोण पेन्सिल दाबून धरतो, कोणाचा 'ग' डावीकडे कलतो, कोण काना विसरतो आणि मग घाईने ओढतो, सगळं तिच्या बोटांना पाठ. निर्मळ गावाहून स्कूटरवर एव्हरशाईन सिटीतल्या त्या बालवर्गात येऊन तिला अकरा वर्षं झाली होती, आणि अकराही वर्षं पालकसभेच्या आदल्या दुपारी ती मुलांच्या अर्धवट वह्या स्वतः भरत आली होती. मुद्दाम वाकड्यातिकड्या अक्षरांत, बरं का. वर्ग चालवणाऱ्या बाईंचा तसा शिरस्ताच होता, पालकांना भरलेली वही लागते म्हणून. दरवर्षी ईस्टरच्या आधी पापनिवेदनाला गेली की सासूला उलट बोलल्याचं ती फादरांना न चुकता सांगायची, पण वह्यांचं कधी नाही. त्यात काही वावगं आहे हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

यंदा उन्नतीची वही निम्म्याहून कोरी होती. पोरगी साडेचार वर्षांची, कानाने तिखट. 'म' म्हटलं की मगर, मका, मटकी, मनीमाऊ अशी माळच लावायची. ताटातल्या रव्यावर बोटाने 'ग' काढायची तोही झकास. पण हातात पेन्सिल दिली की सगळं बिनसायचं. अक्षराचं पोट एका ओळीत, काना दुसऱ्याच ओळीत. "बोटं अजून कोवळी आहेत, चार महिन्यांत येईल," एवढं पालकांना सांगितलं असतं तरी भागलं असतं. अँजेलिनाने ते सांगितलं नाही. ग, म, भ, न अशी चार पानं भरून टाकली. वीस मिनिटांचं काम.

उन्नतीचे आईवडील दोघंही मुंबईला नोकरी करणारे, तेव्हा सभेला तिचे आजोबा आले. सदानंदराव, उन्नतीचे आबा, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसून चारही पानं पाहिली, मोबाईलवर फोटो काढले आणि तिथूनच कणकवलीच्या बहिणीला पाठवले. "टीचर, तुम्ही कमाल केलीत हो!" ते म्हणाले. अँजेलिना हसली. त्या हसण्याची तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

त्यानंतर उन्नतीने लिहिणंच सोडलं. रव्याच्या ताटालाही हात लावीना. मुठी आवळून बसायची आणि 'म' म्हटलं तरी गप्प. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली आणि 'भ'चं पान उघडून टीचरच्या मांडीवर ठेवलं.

"टीचर, हे मी कसं काढलेलं?"

अँजेलिना वही मिटायला लागली.

"आबा म्हणतात, शाळेत येतं आणि घरी नाटकं करतेस. रोज बसवतात मला. पण मला आठवतच नाही टीचर. मी विसरले." ती आपली बोटं उलटीसुलटी करून बघत होती.

पोरीने चोरी पकडली असती तर अँजेलिनाला इतकं लागलं नसतं. पण पोरगी टीचरवर संशय घेत नव्हती, स्वतःवरच घेत होती. 'चल, पुन्हा शिकवते' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते बोलली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. आपल्याला असं सुचतं तरी कसं, या विचाराने तिचा तिलाच राग आला.

"तू विसरली नाहीस बाळा. हे तू काढलंच नव्हतंस. मी काढलंय."

"माझ्या वहीत?"

"हो. चुकले मी."

"म्हणजे माझा हात बिघडला नाही?"

"नाही गं," अँजेलिना म्हणाली आणि तिने तो हात धरून ठेवला.

शाळा सुटताना फाटकापाशी तिने सदानंदरावांनाही सगळं सांगितलं. पालकांना हे सांगितल्याचं बाईंना कळलं तर नोकरी जाईल, हे तिला माहीत होतं. आजोबांचा चेहरा लाल झाला, मग उतरला.

"काल पट्टी उगारली मी हिच्यावर," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी एकदम वर पाहिलं. "आणि आमच्या मीराची वही?"

मीरा म्हणजे उन्नतीची मोठी बहीण. आता तिसरीत होती. चार वर्षांपूर्वी तीही याच वर्गात होती.

"तिच्या वहीचं पान आम्ही फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, टीचर. रोज त्याच्यासमोर बसवतो हिला. ताईसारखं काढ म्हणतो."

मीराचा उजवीकडे झुकणारा 'न' अँजेलिनाच्या बोटांना लगेच आठवला.

"तेही माझंच आहे, आजोबा."

दोघांच्या मध्ये उभी असलेली उन्नती आळीपाळीने दोघांकडे बघत होती.

"म्हणजे ताईलापण येत नव्हतं?" तिने विचारलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती खुदकन हसली. त्या दोघांना मात्र हसता आलं नाही.